स्नायपर रायफल: अचूकता येते कुठून, आणि ती हाताळायची कशी

स्नायपर रायफलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लांब मारते? पण या प्रश्नाच्या उत्तरातून रायफल कळत नाही. एनसीसीच्या कॅडेटच्या हातातल्या .२२ ची बारीकशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, फक्त ती कुठे पडेल ते कुणी सांगू शकत नाही. स्नायपर रायफलीचा गुण वेगळा आहे. पहिली गोळी जिथे लागली, तिथेच दुसरी लागते, पाचवीही लागते, आज लागते आणि महिन्याभरानेही लागते. हा सारखेपणा निम्मा यंत्रातून येतो आणि निम्मा माणसाच्या सवयीतून. शस्त्र सुरक्षित हाताळणंही त्याच सवयीवर उभं आहे, म्हणून दोन्ही विषय इथे एकत्र घेतले आहेत.

नागपूरकरांना हा विषय परका नाही. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. अंबाझरीची आयुध निर्माणी शहराला लागूनच, पूर्वेला भंडाऱ्याची, दक्षिणेला भद्रावतीची. दर वर्षी शेकडो मुलंमुली एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात घेतात, आणखी कितीतरी पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करतात. त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा सिनेमातला स्नायपर असतो. तो आधी बाजूला काढू.

एमओए म्हणजे काय

अचूकता मोजायचं माप म्हणजे मिनिट ऑफ अँगल, थोडक्यात एमओए. एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर हा कोन २.९ सेंटिमीटर रुंदी व्यापतो, ८०० मीटरवर सुमारे २३ सेंटिमीटर. रायफल एक एमओएची आहे, याचा अर्थ तिच्या गोळ्यांचा पुंजका ८०० मीटरवर साधारण तेवढ्या वर्तुळात बसतो. सैनिकाची नेहमीची रायफल तीन-चार एमओएची असते. चार एमओए म्हणजे त्याच अंतरावर ९३ सेंटिमीटरचं वर्तुळ. नेम कितीही पक्का असला तरी त्या वर्तुळात गोळी कुठेही लागू शकते, त्यात माणसाचा दोष नाही.

आपल्या सैन्यात कित्येक वर्षं वापरात असलेली रशियन ड्रॅगुनोव्ह या मोजपट्टीवर मधेच कुठेतरी बसते. सोव्हिएत सैन्याने ती १९६३ मध्ये स्वीकारली. ७.६२ बाय ५४ मिलिमीटरचं काडतूस, १० गोळ्यांचं मॅगझीन, चारपट मोठं दाखवणारी दुर्बीण. अर्ध-स्वयंचलित आहे, म्हणजे दर गोळीनंतर पुढची आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, येते. ती तुकडीबरोबर चालणाऱ्या नेमबाजासाठी केलेली रायफल आहे. ६००-८०० मीटरपर्यंत तिचं काम ती चोख करते. तिच्याकडून त्यापुढच्या अंतरांची अपेक्षा धरणं हा तिच्यावर अन्याय आहे. २०१९ च्या सुमारास नियंत्रण रेषेवरच्या तुकड्यांना .३३८ लापुआ मॅग्नम काडतुसाची इटालियन बेरेटा स्कॉर्पिओ आणि .५० काडतुसाची अमेरिकन बॅरेट एम९५ मिळाल्या, पुढे फिनलंडची साको टीआरजी-४२ आली, त्या याच कारणासाठी. या तिन्ही बोल्ट ॲक्शन आहेत, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा बोल्ट दर गोळीनंतर हाताने ओढावा लागतो.

हे मागे जाणं वाटतं, पण तसं नाही. अर्ध-स्वयंचलित रायफलीत गोळी नळीत असतानाच गॅस आणि पिस्टन हलायला लागतात, आणि प्रत्येक हालचाल नळीला थोडा हिसका देते. बोल्ट ॲक्शनमध्ये गोळी बाहेर पडेपर्यंत ट्रिगर आणि फायरिंग पिनशिवाय काहीही हलत नाही. बोल्टचे लग, म्हणजे त्याला अडकवून ठेवणारे दात, चेंबरच्या मागच्या खाचेत दर वेळी त्याच जागी, त्याच ताणाने बसतात.

नळी, चाप, दुर्बीण

नळीच्या आत सर्पिल खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी तोल सांभाळते. ७.६२ बाय ५१ च्या रायफलीत साधारण १२ इंचांत एक फेरा असतो. गोळी सेकंदाला ७९० मीटर वेगाने निघाली तर ती सेकंदाला अडीच हजारांहून जास्त गिरक्या घेते. म्हणून नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, फार जपावी लागते. गोळी शेवटी त्या कडेला सोडून जाते. तिथे एका बाजूला लहानसा टवका उडाला असेल तर गॅस त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. नळी नेहमी चेंबरच्या बाजूने साफ करा असं सांगतात ते यासाठीच. तोंडाकडून घातलेला स्टीलचा रॉड त्या कडेवर घासतो.

नळी जाड असते, कारण जाड नळी कमी थरथरते आणि हळू तापते. ती लाकडाला किंवा फायबरच्या दस्त्याला कुठेही टेकलेली नसते, फक्त मागे रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यात, घट्ट बसवलेली असते. याची परीक्षा सोपी आहे. रिकाम्या, तपासलेल्या रायफलीच्या नळीखालून कागदाची पट्टी पुढून मागे रिसीव्हरपर्यंत सरकवायची. मधेच अडकली तर नळी कुठेतरी टेकते आहे, आणि दस्ता उन्हाने किंवा दमटपणाने जरा वाकला की नेम सरकणार. लाकडी दस्त्याच्या जुन्या रायफलींचा हा कायमचा आजार.

चापाचा, म्हणजे ट्रिगर ओढायला लागणारा, भार सैनिकी रायफलीत तीन किलोच्या आसपास असतो, स्नायपर रायफलीत एक ते दीड किलो. हलका चाप ओढताना रायफल हलत नाही, हा फायदा. तोटा हा, की बोट चुकून लागलं तर तेही पुरतं.

दुर्बिणीपासून डोळा साधारण आठ-नऊ सेंटिमीटर मागे असायला हवा. नवखा माणूस चित्र मोठं दिसावं म्हणून पुढे सरकतो आणि धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईत घुसते. ही जखम गोळीबाराच्या रेंजवर इतकी नेहमीची आहे की जाणकार ती बघूनच माणूस नवा आहे हे ओळखतात. दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त महागात पडते: रायफल किंचित तिरपी धरणं. मग वर-खाली केलेली दुरुस्ती थोडी बाजूलाही जाते आणि लांब अंतरावर गोळी अर्धा मीटर सरकते. दुर्बीण रायफलीवर किंवा स्टँडवर सरळ आहे का, हे पाणसळीने बघून घ्यावं.

हवेत काय होतं, आणि नागपूरचा मे महिना

गोळी सरळ रेषेत जात नाही, नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडायला लागते. ७.६२ बाय ५१ ची ११ ग्रॅमची गोळी १,००० मीटर जायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास घेते आणि १०० मीटरच्या नेमरेषेपासून सुमारे १२ मीटर खाली येते. चार मजली इमारतीएवढी. हे सगळं दुर्बिणीच्या वरच्या बटणावर आधी मोजून लावावं लागतं. मिल हे कोनाचं आणखी एक माप, आणि बहुतेक दुर्बिणींचं एक क्लिक ०.१ मिल असतं: १०० मीटरवर एक सेंटिमीटर, १,००० मीटरवर दहा.

मिलचा आणखी एक उपयोग म्हणजे अंतर काढणं. लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, हजाराने गुणायची आणि दुर्बिणीत ते जितके मिल दिसतं त्याने भागायची. एक मीटरचा फलक दोन मिल दिसला तर तो ५०० मीटरवर आहे. हिशेब सोपा आहे, पण उंचीचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तर अंतरही तेवढंच चुकतं. म्हणून आता लेझर रेंजफाइंडर वापरतात आणि हे सूत्र पडताळणीला ठेवतात.

वारा हा खरा वैरी. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं सतत हलतील इतकाच, त्याच गोळीला ८०० मीटरवर मीटरभराहून जास्त बाजूला नेतो. शिवाय वाटेत वारा एकसारखा नसतो. म्हणूनच स्नायपर सहसा जोडीने काम करतात. दुसरा माणूस, स्पॉटर, जास्त ताकदीच्या दुर्बिणीतून वारा वाचतो आणि गोळी कुठे पडली ते सांगतो. पुष्कळदा दोघांत जास्त अनुभवी तोच असतो.

आता तापमान. जानेवारीतल्या पहाटे नागपुरात पारा दहाच्या आसपास असतो, मे महिन्यात दुपारी ४५ ला टेकतो. या ३५ अंशांचे दोन परिणाम एकाच दिशेने होतात. काडतुसातली तापलेली दारू जोरात जळते आणि गोळीचा वेग सेकंदाला १०-१५ मीटरने वाढतो, दारूच्या प्रकारानुसार कमीजास्त. दुसरीकडे गरम हवा विरळ होते, थंडीतल्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के हलकी, त्यामुळे अडथळा कमी होतो. जानेवारीत शून्य केलेली, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी जुळवून घेतलेली, रायफल मे महिन्यात १०० मीटरवर जवळपास तशीच वागेल, पण ८०० मीटरवर अर्धा मीटर वर मारेल. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर आहे. हीच रायफल लेहला ३,५०० मीटरवर नेली की हवेचा दाब इथल्या दोन-तृतीयांशावर येतो आणि सगळे आकडे पुन्हा काढावे लागतात. म्हणून स्नायपरच्या वहीत दर गोळीसमोर तापमान, दाब, वारा आणि वेळ लिहिलेली असते. त्या वहीशिवाय महागडी रायफल निम्मीच कामाची.

उन्हात रेंजवर आणखी एक त्रास होतो. दहाच्या पुढे जमिनीवरून वाफ उठल्यासारखी हवा थरथरायला लागते आणि लक्ष्य जागेवर ठरत नाही. अनुभवी माणूस त्या थरथरीचाही उपयोग करतो: ती ज्या बाजूला वाहते तिकडे वारा जातो, सरळ वर उकळते तेव्हा वारा पडलेला असतो किंवा थेट नेमरेषेच्या दिशेने असतो. नव्या माणसाने उन्हाळ्यात सकाळी सात-आठलाच काम आटोपलेलं बरं. काडतुसं सावलीत ठेवावी, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको. तापलेल्या नळीच्या चेंबरमध्ये गोळी भरून बोलत बसणं तर सरळ धोक्याचं. ७.६२ च्या काडतुसात मुळातच चौरस सेंटिमीटरला चार टनांहून जास्त दाब तयार होतो, गरम दारू तो आणखी वाढवते. बोल्ट उचलायला जड जायला लागला किंवा रिकाम्या पुंगळीच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी चपटी दिसली, तर तिथेच थांबायचं.

रायफल शून्य करणं

१०० मीटरवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच लॉटच्या पाच गोळ्या मारायच्या. एकेक गोळी बघून बटण फिरवायचं नाही. पाचही झाल्यावर पुंजक्याचा मध्य काढायचा, तो नेमाच्या बिंदूपासून किती सेंटिमीटर दूर आहे ते मोजायचं आणि तेवढे क्लिक द्यायचे. मग पुन्हा पाच. पुंजकाच मोठा येत असेल तर बटणाला हात न लावता आधी दुर्बिणीच्या रिंगचे आणि दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासावे. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

थंड नळीतली पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा थोडी वेगळी जाऊ शकते. ती वेगळी नोंदवायची, कारण स्नायपरच्या कामात बहुधा तीच एक गोळी मोजली जाते.

हातात घेण्याआधी आणि घेतल्यावर

चार नियम जगभर सारखे आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असंच समजा. ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळीचं तोंड कधीही करू नका. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, रिसीव्हरच्या कडेला सरळ. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते बघा. हे चारही एकमेकांना आधार देतात: एक मोडला तरी बाकीचे माणसाला वाचवतात. बहुतेक अपघातांत दोन एकदम मोडलेले असतात.

चौथा नियम लोक सगळ्यात हलक्यात घेतात. .२२ ची गोळी दीड किलोमीटर, ७.६२ ची चार किलोमीटरच्या आसपास. वाडीपासून हिंगण्यापर्यंत आता वस्तीच वस्ती आहे, तिथे 'रिकामं मैदान' असं काही उरलेलं नाही. गोळी मातीच्या उंच बांधाशिवाय थांबत नाही, आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटली तर उडून भलतीकडे जाते.

शस्त्र रिकामं करण्याचा क्रम नीट लक्षात ठेवावा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. नळी सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, बोट बाहेर. आधी मॅगझीन काढायचं. मग बोल्ट पूर्ण मागे ओढायचा. काही रायफलींमध्ये सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडत नाही, तिथे सेफ्टी काढावी लागते, म्हणून नळीच्या दिशेचं भान सुटता कामा नये. चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं तर ते हवेत झेलू नका, खाली पडू द्या. आता चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, आणि करंगळी घालून चाचपायचंही, विशेषतः उजेड कमी असेल तेव्हा. मॅगझीनची जागाही बघायची. मग शेजारच्याला दाखवायचं. 'जाँच शस्त्र' हा हुकूम यासाठीच असतो.

क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझीन आत असताना बोल्ट आधी ओढला, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि बोल्ट पुढे करताना मॅगझीनमधलं दुसरं आत जातं. मग माणूस मॅगझीन काढतो, 'झाली रिकामी' म्हणतो आणि ट्रिगर दाबून खात्री करून घेतो. चेंबरमध्ये गोळी आहे हे त्याला आवाजानेच कळतं. मॅगझीन नाही म्हणजे रायफल रिकामी, हा गैरसमज इतर सगळ्या बिघाडांपेक्षा घातक आहे. सेफ्टीवरही भरवसा टाकू नका. ती शेवटी एक लहानसा लोखंडी तुकडा आहे, झिजतो, मळतो, आणि दणक्याने सरकतोही.

ट्रिगर दाबला आणि आवाजच आला नाही, तर नळी लक्ष्यामागच्या मातीच्या बांधाकडेच धरून तीस सेकंद थांबायचं. टोपी ओली किंवा जुनी असेल तर दारू उशिरा पेटू शकते, आणि तेवढ्यात बोल्ट उघडला तर पुंगळी तोंडासमोर फुटते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे नेहमीपेक्षा बारीक, दबका 'फट्' आवाज आणि जवळजवळ धक्काच नाही. याचा अर्थ गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढची गोळी मारली तर नळी फाटते. बोल्ट काढून मागून उजेडात नळी बघायची, रॉड घालून मोकळी आहे याची खात्री करायची. चिखल, गवताची काडी, पावसाचं पाणीसुद्धा हेच करू शकतं.

काडतुसांवरचा शिक्का दर वेळी वाचा. ७.६२ बाय ५१, ७.६२ बाय ५४ आणि ७.६२ बाय ३९ ही तिन्ही 'सातबासष्ट'च म्हटली जातात, पण ती वेगवेगळी काडतुसं आहेत आणि एकमेकांच्या चेंबरसाठी नाहीत.

कानांबद्दल एनसीसीच्या मुलांना कुणी फारसं सांगत नाही, म्हणून इथे जोर देऊन सांगतो. मोठ्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. १४० च्या वरचा एकच आवाज कायमचं नुकसान करू शकतो, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. फोमचे प्लग नीट पिळून आत बसवा आणि वरून मफ लावा. चष्मा घाला. रेंजवरून आल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवा, गोळीतल्या आणि टोपीतल्या शिशाचे कण बोटांवर राहतात. आणि .२२ ची रायफल रिकामी असताना ट्रिगर ओढत बसू नका. तिची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल तर तीच पिन चेंबरच्या कडेला खोच पाडते आणि मग पुंगळ्या अडकायला लागतात.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ चा, नियम २०१६ चे. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. .३०३ आणि ७.६२ बाय ५१ सारखी सैनिकी काडतुसं निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणाऱ्या प्रकारात, येतात, त्यामुळे लष्करी स्नायपर रायफल परवान्यावर घरी आणण्याचा विचारच सोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. लग्नात, वरातीत, विजयाच्या मिरवणुकीत हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि परत येतानाही माणसाची कवटी फोडण्याइतका वेग तिच्यात असू शकतो.

राहता राहिला पावसाळा. रायफल फोमच्या किंवा चामड्याच्या केसमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका. दोन्ही दमटपणा धरून ठेवतात आणि जिथे ते टेकतं तिथेच गंज चढतो. कुलूपबंद लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पाकिटांसह, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. वापरल्यावर त्याच दिवशी चेंबरकडून ब्राँझचा ब्रश फिरवायचा, द्रावण लावलेले पॅच स्वच्छ निघेपर्यंत घालायचे, शेवटी तेलाचा पातळ हात. पुन्हा गोळीबार करण्याआधी मात्र ते तेल कोरड्या पॅचने पूर्ण पुसून काढायचं. तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते, आणि चेंबरमध्ये तेल राहिलं तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो.